आठ घंटा, एक नाद



‘घंटा झाली’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, ह्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. पहिली घंटा झाली की आपण धावत वर्गात येतो आणि शेवटची झाली की त्याहून अधिक वेगाने बाहेर पडतो. पण घंटा ‘झाली’ असे आपण म्हणतो, ती ‘कोणी वाजविली’ असे म्हणत नाही. वाजविणाऱ्याकडे आपले लक्ष नसते. जणू पाऊस यावा किंवा सूर्य उगवावा, तशी घंटा आपोआप होते, अशी आपली समजूत असते. ज्या घंटावादनाविषयी मी आज लिहिणार आहे, त्यात मात्र वाजविणारा हाच मुख्य आहे. आणि तोही एकटा नव्हे, तर आपल्यासारख्याच पाच-सात सोबत्यांच्या मेळात उभा असलेला.

माझे आजोळ गोव्यात, सालसेत तालुक्यात. सुट्टीत तेथे गेले की संध्याकाळी गावच्या चर्चची घंटा ऐकू येई. तिला तिकडे ‘आमोरी’ची घंटा म्हणतात, ती ख्रिस्ती लोकांच्या सायंप्रार्थनेची वेळ. आमचे घर हिंदू. पण घंटेचा पहिला ठोका पडताच माझी आजी हातातले काम टाकून म्हणे, “घांट जाली, दिवो लाय गो!” आणि मी तुळशीपुढे दिवा लावीत असे. शेजारच्या घरी गुडघे टेकून प्रार्थना चाले, आमच्या घरी ‘शुभं करोति’ चाले. घंटा मात्र दोघांची एकच होती. घंटा कोणत्या धर्माची, हा प्रश्न त्या वयात मला कधी पडला नाही. पुढे इतिहास वाचला तेव्हा कळले की, आपल्या महाराष्ट्रात घंटांनी ह्याहूनही मोठा प्रवास केलेला आहे.

आपल्याकडील घंटा

चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकला, हे आपण इतिहासात शिकतो. त्या विजयानंतर तेथील चर्चमधल्या अनेक घंटा मराठे सरदारांनी देशावर नेल्या व ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरील घंटा अशीच वसईहून आलेली असून तिच्यावर १७२१ हा सनाचा आकडा आहे. तिचा आवाज इतका दूरवर जाई की मोठ्या गळ्याच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघातच आपल्या भाषेत पडला. भीमाशंकरच्या देवळापुढेही अशी एक घंटा आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर मेरी मातेची व बालयेशूची आकृती अजूनही दिसते. ज्या कांशातून एके काळी चर्चची प्रार्थना निनादली, त्याच कांशातून पुढे शिवाची आरती निनादली. धातूने तक्रार केली नाही, आणि भक्तांनीही केली नाही.

गोव्यात जुन्या गोव्याच्या ‘से’ कॅथेड्रलमधील ‘सोन्याची घंटा’ प्रसिद्ध आहे. ती सोन्याची नाही. तिच्या नादाच्या गोडीमुळे तिला हे नाव पडले. तिच्या खालोखाल मोठी घंटा पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. ती मुळात जुन्या गोव्यातील आगुस्तीन पंथाच्या मठातील होय. मठ ओस पडल्यावर काही वर्षे ती आग्वादच्या दीपगृहात होती, आणि १८७१ साली पणजीत आली. आपल्या हैदराबादेतही ही परंपरा आहे. कोठीहून पायी निघाले तर गनफौंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल फार दूर नाही. १८७५ च्या नाताळात तेथे उपासना सुरू झाली, आणि पुढे त्याच्या दोन मनोऱ्यांत इटलीहून आणलेल्या पाच घंटा बसविण्यात आल्या. वाटेत सुलतान बाजाराचा १८६५ साली उभारलेला घड्याळाचा मनोराही लागतो. त्यांच्याखालून आपण किती वेळा गेलो असू. मान वर करून पाहिले किती वेळा, हे ज्याचे त्याने सांगावे.

पुण्याचा पंचहौद व मुंबईचे अफगाण चर्च

आतापर्यंत सांगितलेल्या घंटा बहुधा एकेकट्या वाजतात, किंवा दोन-चार मिळून गजर करतात. पण एखाद्या गायकाच्या सप्तकाप्रमाणे मुद्दाम स्वरात जुळवून ओतलेल्या आठ घंटांचा संच ही निराळीच वस्तू आहे. असा संच पाहावयास इंग्लंडला जाण्याचे कारण नाही, पुण्याला जावे. गुरुवार पेठेत, पूर्वी जेथे पाण्याचे पाच हौद होते त्या ‘पंचहौद’ भागात, पवित्र नामाचे देवालय आहे. ते १८८५ साली बांधून झाले. ह्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा ठेवला गेला, आणि त्या पेल्यातून पुण्यात केवढे वादळ उठले, हे तुम्हांपैकी काहींनी वाचले असेल. देवालयाशेजारी इटालियन धर्तीचा सुमारे १३० फूट उंचीचा मनोरा आहे. त्यात वेगवेगळ्या स्वरांच्या आठ घंटा आहेत.

दुसरा संच मुंबईस कुलाब्याला, सेंट जॉनच्या देवालयात आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले असल्यामुळे लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्याची प्रतिष्ठापना १८५८ साली झाली. सुळका पुढे १८६५ साली पुरा झाला. तेथील आठ घंटा इंग्लंडातील लफबरो गावच्या टेलर ह्यांच्या ओतशाळेतून १९०४ साली आल्या. त्या ओतशाळेचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे पुन्हा तिच्याकडे यावयाचे आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्यातही घंटांचा मोठा संच आहे. पण तो घड्याळाच्या यंत्राने वाजे. यंत्राने वाजणारी घंटा कानाला गोड लागते, हे खरे. परंतु तिच्यात चुकण्याची शक्यता नाही, म्हणून शिकण्याचीही नाही. माझा विषय आहे तो माणसांच्या हातांनी वाजणाऱ्या घंटांचा.

दोर, चाक आणि धीर

देवळातील घंटा जागच्या जागी टांगलेली असते. आपण तिचा लोलक हलवितो आणि ती वाजते. पुष्कळशा चर्चमध्येही दोर ओढून लोलकच हलवितात, किंवा घंटा थोडीशी झुलवितात. इंग्लंडात मात्र सतराव्या शतकात एक निराळी युक्ती रूढ झाली. घंटा एका आडव्या तुळईला बसवायची आणि त्या तुळईला बैलगाडीच्या चाकासारखे एक मोठे लाकडी चाक जोडायचे. चाकावरून दोर खाली, वाजविणाऱ्याच्या हातापर्यंत यावयाचा. वाजविण्यापूर्वी घंटा झुलवीत झुलवीत पार उलटी, म्हणजे तोंड आकाशाकडे, अशी उभी करतात. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरून पुन्हा उलटी उभी राहते, आणि फिरताना एकदाच ठोका देते. पुढच्या ओढीला ती उलट दिशेने तसाच पूर्ण फेरा घेते. दोराच्या मध्याजवळ लोकरीची एक जाड, रंगीत मूठ विणलेली असते. एका ओढीला ही मूठ धरावयाची, दुसऱ्या ओढीला दोराचे टोक. मूठ केव्हा सोडावी आणि पुन्हा केव्हा धरावी, हे कळणे हाच ह्या विद्येचा श्रीगणेशा होय.

आता ह्या युक्तीचा लाभ कोणता? उलटी उभी असलेली घंटा तोलावर असते. भोवरा निजला म्हणजे जसा क्षणभर स्थिर भासतो, तशी ती त्या टोकाला जाऊन घटकाभर थांबते. तिला तेथे किंचित अधिक वेळ रोखून धरले तर पुढचा ठोका उशिरा पडतो. पुरती उभी होऊ न देता किंचित आधी खेचली तर ठोका लवकर पडतो. म्हणजे आठ-दहा मणांची घंटासुद्धा एका साध्या माणसाच्या दोन बोटांच्या जाणिवेत येते. येथे बळाचे काम नाही. जो बळाने ओढतो तो फसतो. घंटा तोलाच्या पलीकडे जाऊ नये म्हणून वर एक लाकडी अडसर बसविलेला असतो. नवशिक्याने जोर केला तर तो अडसर मोडतो, आणि मग दोर वर धावतो. अशा वेळी दोर सोडून द्यावयाचा, त्याला लटकून राहावयाचे नाही, हा पहिला धडा गुरू देतात. लटकून राहणारा दोराबरोबर छताकडे ओढला जातो. केव्हा धरावे ह्याइतकेच केव्हा सोडावे हेही शिकावे लागते. नुसता दोर हाताळण्यास साधारणपणे दहा-पंधरा तासांचा अभ्यास लागतो. आणि मग, दुसऱ्यांबरोबर वाजविण्याचा खरा अभ्यास सुरू होतो.

फेरांचे गणित

घंटांना वरच्या स्वरापासून खालच्या स्वराकडे क्रमांक दिलेले असतात. टिपेची, सर्वांत लहान घंटा पहिली. खर्जाची, सर्वांत मोठी घंटा आठवी. आठही जण क्रमाने एकेक ठोका देतात तेव्हा ऐकू येतो तो चक्क एक अवरोह. आपल्या बिलावलाच्या थाटातील, वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंतचा. वादनाचा प्रारंभ ह्या अवरोहाने होतो आणि शेवटही ह्यानेच होतो. मधल्या काळात घंटा आपले क्रम बदलीत राहतात. प्रत्येक नव्या क्रमाला आपण ‘फेर’ म्हणू.

फेर बदलण्याचे नियम तीनच. पहिला : एका फेरात प्रत्येक घंटा एकदाच वाजावी. दुसरा : एका फेरातून दुसऱ्या फेरात जाताना कोणत्याही घंटेने एका स्थानापेक्षा अधिक पुढे-मागे सरकू नये. हा नियम लहरीने केलेला नाही. जड घंटा एकदम तीन-चार स्थाने पुढे ढकलता येत नाही. धातूच्या वजनानेच तो नियम घालून दिला आहे. तिसरा : एकदा वाजलेला फेर पुन्हा वाजवू नये. तो पुन्हा वाजला तर सगळे वादन ‘खोटे’ ठरते.

तीन घंटा घेऊन पाहू. आरंभी पहिली जोडी बदलावी, मग शेवटची, मग पुन्हा पहिली, ह्याप्रमाणे :

१ २ ३
२ १ ३
२ ३ १
३ २ १
३ १ २
१ ३ २
१ २ ३

तीन घंटांचे सहा फेर होतात; ते सर्व आले, एकही दोनदा आला नाही, आणि आपण निघालो तेथे परत पोचलो. आता चार घंटा घ्या. एकदा दोन्ही जोड्या बदला, एकदा फक्त मधली जोडी बदला :

१ २ ३ ४
२ १ ४ ३
२ ४ १ ३
४ २ ३ १
४ ३ २ १
३ ४ १ २
३ १ ४ २
१ ३ २ ४

येथे पुन्हा मधली जोडी बदलली तर आपण आठच फेरांत घरी येऊ. पण एकूण फेर तर चोवीस आहेत. म्हणून ह्या ठिकाणी मधलीऐवजी शेवटची जोडी बदलावी. म्हणजे ‘१ ३ ४ २’ हा नवा फेर मिळतो. तेथून पूर्वीच्याच रीतीने पुढे जावे. असे तीनदा केले की चोवीसही फेर येऊन आपण बरोबर मूळ क्रमावर उतरतो. वही-पेन्सिल घेऊन हे अवश्य करून पाहावे. मी स्वतः कला शाखेची. गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते. तरी चोविसावा फेर कागदावर जुळला, त्या रात्री मला झोप येईना.

पाच घंटांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२० फेर होतात. एक फेर सुमारे दोन सेकंदांत वाजतो. त्यामुळे ५,०४० फेर वाजवावयास सुमारे तीन तास लागतात. आणि इतके फेर न थांबता, न चुकता वाजविणे हे ह्या कलेतील मोठे यश मानले जाते. आठ घंटांचे संपूर्ण ४०,३२० फेर मनोऱ्यातील घंटांवर आठ जणांनी, कोणीही न बदलता, वाजविल्याची कामगिरी १९६३ साली झाली. त्यास १७ तास ५८ मिनिटे लागली. हे घडले कोठे? लफबरो गावी, त्या टेलर ओतशाळेच्याच मनोऱ्यात. वादनाच्या वेळी कोणासमोर कागद नसतो. प्रत्येक जण आपली वाट मनात ठेवून चालतो.

हे सर्व वाचून हे गणित आपणांस परके वाटण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त अंकांच्या अशाच क्रमबदलांचे एक प्रकरण आहे, त्यास ‘अंकपाश’ म्हणतात. आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ह्या ग्रंथात सात स्वरांच्या क्रमबदलांचा विचार केला आणि त्यांची संख्या ५,०४० अशीच सांगितली. एवढेच नव्हे, तर त्यांतील अमुक क्रमांकाचा प्रस्तार कोणता, हे शोधण्याची ‘खंडमेरू’ नावाची रीतही त्याने दिली. इंग्लंडात घंटांच्या फेरांवरचे ‘टिंटिनॅलोजिया’ हे पहिले पुस्तक निघाले ते १६६८ साली. म्हणजे जे गणित लफबरोच्या मनोऱ्यात दोरांवर वाजले, ते आपल्या देवगिरीत चार शतके आधी स्वरांवर मांडले गेले होते. देवगिरी, म्हणजे दौलताबाद, १९४८ पर्यंत ह्याच हैदराबाद संस्थानात होते, हे आपण हैदराबादकरांनी विसरू नये.

छंद आणि समाज

इंग्लंडात पाच हजारांहून अधिक मनोऱ्यांत अशा घंटा आहेत. त्या वाजविणारी माणसे बहुधा पगारी नसतात. शिक्षक, सुतार, डॉक्टर, शेतकरी, विद्यार्थी असे निरनिराळ्या उद्योगांतील लोक आठवड्यातील एका संध्याकाळी सरावास जमतात आणि रविवारी वाजवितात. त्यांतील पुष्कळ जण उपासनेस न जाणारेही असतात. घंटेच्या ओढीने येतात. प्रारंभी ही पुरुषांची मिरासदारी होती. पण १८९६ साली एका महिलेने पाच हजारांवर फेरांचे पूर्ण वादन केले, आणि पुढे तो भेद मावळत गेला. एका गावचा वादक दुसऱ्या गावी गेला तर तेथील मनोऱ्यात त्याला आपलेपणाने दोर हाती दिला जातो. वारकरी कोणत्याही गावच्या दिंडीत टाळ घेऊन उभा राहावा, तसेच हे.

ह्या छंदाची किंमत लोकांना कळली ती दोन महायुद्धांत. पहिल्या महायुद्धात सुमारे चौदाशे घंटावादक मारले गेले. शंभर वर्षांनंतर, २०१८ साली, त्यांच्या स्मरणार्थ तितकेच नवे वादक तयार करण्याची मोहीम तेथे काढण्यात आली. हुतात्म्यांचे स्मारक दगडाचे न करता शिकणाऱ्या हातांचे करावे, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडातील सर्व चर्चच्या घंटा बंद करण्यात आल्या. शत्रू उतरला तरच इशाऱ्यासाठी त्या वाजवावयाच्या होत्या. १९४२ च्या नोव्हेंबरात अल अलामीनच्या विजयाप्रीत्यर्थ त्या एक दिवस वाजल्या, तेव्हा लोक घराबाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

दुसऱ्या देशांत दुसऱ्या रीती आहेत. स्पेनमध्ये हातांनी घंटा वाजविण्याची जुनी परंपरा आहे. तिला २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. घंटा अमूर्त नाही. ती चांगली टनावारी वजनाची आहे. अमूर्त आहे ती वाजविण्याची विद्या. घंटा शतकानुशतके टिकते. विद्या मात्र एका पिढीने पुढच्या पिढीच्या हाती दिली नाही, तर वीस वर्षांत जाते. मग मनोऱ्यात विजेची कळ बसवितात, आणि दोर गुंडाळून ठेवतात.

आपल्याकडे ह्याची उपमा शोधावयाची तर गणेशोत्सवातील ढोल-ताशांच्या पथकांकडे पाहावे. पुण्यात पावसाळ्यात नदीकाठी सरावास उभी राहणारी मुले-मुली पगारासाठी येत नाहीत. दिवसभर कोणी कचेरीत असते, कोणी महाविद्यालयात. संध्याकाळी सर्वांच्या टिपऱ्या एका ठोक्यावर पडतात. आपल्या शाळेतील लेझीमही ह्याच जातीची. फरक एवढाच की, लेझमीत सर्वांनी एकाच क्षणी ठोका द्यावयाचा असतो, तर घंटांच्या फेरांत कोणीही दुसऱ्याच्या क्षणी ठोका द्यावयाचा नसतो. एकत्र असणे म्हणजे एकसारखे असणे नव्हे. दुसऱ्यासाठी जागा ठेवणे म्हणजेही एकत्र असणे, हे ही कला शिकविते.

आमचा वाट्यांचा प्रयोग

महाविद्यालयात असताना डोरोथी सेयर्स ह्या लेखिकेची ‘द नाइन टेलर्स’ ही १९३४ सालची कादंबरी मी वाचली होती. तिच्या कथेत ह्या घंटावादनाला फार महत्त्व आहे. त्या वेळी आकड्यांची पाने मी सरळ उलटली होती. गतवर्षी आमच्या आठवीच्या वर्गात अकराच विद्यार्थी उरले. मराठी माध्यमाचे वर्ग आपल्या शहरात लहान होत चालले आहेत, हे पालकांस सांगावयास नको. इतक्या थोड्या मुलांना घेऊन स्नेहसंमेलनात करावे काय? नाटकाला पात्रे पुरेनात, लेझमीला ओळी होईनात. तेव्हा मला ती उलटलेली पाने आठवली. जी कला आठ माणसांत पूर्ण होते, तिला अकरा म्हणजे चांगली भरपूर मंडळी!

मनोरा व घंटा आम्ही कोठून आणणार? म्हणून जलतरंगाचा मार्ग धरला. चिनी मातीच्या आठ वाट्या घेतल्या. पाणी जास्त घातले की स्वर उतरतो, कमी केले की चढतो. पेटीच्या साहाय्याने आठ स्वर जुळविले. आठ मुलांच्या हाती एकेक वाटी व एकेक लाकडी काडी दिली. उरलेल्या तिघांकडे फेर मोजण्याचे व पाणी सांभाळण्याचे काम दिले. मधल्या सुट्टीत दोन महिने सराव चालला. पहिल्या सात वाट्यांनी क्रम बदलावयाचे आणि आठव्या, खर्जाच्या वाटीने प्रत्येक फेराच्या शेवटी आपला ठोका द्यावयाचा, अशी योजना केली. मनोऱ्यांतही ही रीत आहे. त्यामुळे प्रत्येक फेराला शेवट मिळतो.

खर्जाची वाटी एका अबोल मुलीकडे आली. आठवडाभरात ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, सगळ्यांच्या जागा बदलतात. मला बदल काहीच नाही. मला दुसरी वाटी द्या ना.” मी तिची समजूत घातली, पण खरे सांगावयाचे तर तिचे म्हणणे मला मनातून पटले होते.

संमेलनाच्या दिवशी पहिले नऊ फेर निर्दोष झाले. दहाव्याला घोटाळा झाला, आणि तो मुलांचा नव्हे, माझा. मी कागदावर बोट ठेवून फेर पुकारीत होते; टाळ्यांच्या आवाजाने माझी ओळ चुकली आणि मी भलताच क्रमांक पुकारला. दोन वाट्या एकदम वाजल्या, एक मुकी राहिली, आणि पाहता पाहता सात स्वरांचा बाजार झाला. मला घाम फुटला. तेवढ्यात ध्यानात आले की, त्या गोंधळात एक ठोका मात्र आपल्या वेळेवर पडतो आहे. खर्जाची वाटी! ती मुलगी ना माझ्याकडे पाहत होती, ना इतरांकडे. ती खाली मान घालून मनात सात मोजी आणि ठोका देई. पुन्हा सात मोजी, पुन्हा ठोका देई. एकेक मुलगा तिचा ठोका धरू लागला. तीन-चार फेरांत सर्वजण मूळ अवरोहावर आले, आणि आम्ही तेथेच थांबलो. श्रोत्यांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग होता. आम्हा बाराजणांना मात्र ठाऊक होते की, त्या दिवशी आम्हांला घरी कोणी आणले. दुसऱ्या दिवशी मी तिला हवी ती वाटी निवडावयास सांगितले. ती म्हणाली, “नको बाई, हीच असू द्या.”

मित्रहो, वडिलांच्या बदलीमुळे ती मुलगी आता दुसऱ्या गावी गेली आहे. आठवी वाटी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेली आहे. सात जणांवर खेळ भागविता येतो; पण फेर संपल्यावर कान त्या खर्जाची वाट पाहतोच. मनोऱ्यातील दोर असो, ग्रंथालयातील वाचकाची खुर्ची असो, की मराठी शाळेतील बाक असो. एक जागा रिकामी झाली म्हणजे जे उणे पडते, ते एका माणसाएवढेच नसते. सगळा मेळच उणा होतो. म्हणून ज्यांना कान आहेत आणि मनात सात मोजण्याचा धीर आहे, अशा कोणीही विद्यार्थ्याने, वा विद्यार्थ्याच्या आईवडिलांनीही, मधल्या सुट्टीत आमच्याकडे यावे. वाटी तयार आहे. पाणी आम्ही घालू.

स्वाध्याय

१. चार घंटांचे चोवीस फेर वहीत पूर्ण लिहा. एकही फेर दोनदा आला नाही, हे कसे पडताळाल?

२. पाच घंटांचे फेर १२० का होतात, हे चार घंटांच्या फेरांवरून समजावून सांगा.

३. घरातील चार वाट्या स्वरात जुळवा आणि घरातील चौघांनी मिळून तीन फेर न चुकता वाजवा. कोण चुकले ह्यापेक्षा, चुकल्यावर मेळ पुन्हा कसा जमला, ते चार ओळींत लिहा.

४. आपल्या पेठेतील किंवा मूळ गावातील एखाद्या जुन्या घंटेवर काही अक्षरे वा साल आहे काय, ते पाहून या. ती कोण वाजवितो, हेही विचारून या.